पाच सारखे रणगाडे

सुंदराबाईचा कोणावर एकदम विश्वास बसत नसे. बियाणं पेरण्याआधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ती स्वतः उगवून बघायची. वैद्याची पुडी आधी जिभेच्या टोकाला लावायची. देवळातला प्रसादसुद्धा हुंगल्याशिवाय तिच्या तोंडात जात नसे. दर्यापूरजवळ तिच्या घरचा वांग्यांचा आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा होता. मळ्यात कामाला येणाऱ्या बाया म्हणायच्या, सुंदराबाईले सूर्य उगवला म्हनून सांगतलं तरी ते बाहेर येऊन पाहीन.

नवरा गेल्याचा सरकारी कागद आला, तोही तिने दोन वेगवेगळ्या मास्तरांकडून वाचून घेतला. किसन फौजेत रणगाडा चालवायचा, ब्रह्मदेशात. १९४५ सालच्या उन्हाळ्यात तो तिथे मारला गेला, एवढंच कागदात होतं. दोघा मास्तरांनी तेच वाचलं. तेव्हा कुठे तिने कुंकू पुसलं. मैना त्या वेळी दोन वर्षांची होती.

पुढच्या साली धर्मा आला. मूर्तिजापूरचा, महारवाड्यातला. किसनच्याच तुकडीबरोबर फिरणाऱ्या वर्कशॉपात तो फिटर होता. वऱ्हाडातले दोघंच असल्यामुळे तिकडे परक्या मुलखात त्यांची गट्टी जमली होती. सुंदराबाईच्या सासूने त्याला अंगणातच बसवलं, वरून ओंजळीत पाणी घातलं. पाणी पिऊन त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "रनगाड्याले गोळा लागला वैनी. आग लागली. लगेच झालं सारं. त्याले काई समजलंच नाई."

सुंदराबाई दाराआडून ऐकत होती. हा माणूस बोलताना बाभळीकडे बघून राहिला आहे, हे तिने टिपलं. आणि दुसरंही टिपलं. किसनला त्रास झाला का, हे तिने विचारलंच नव्हतं. विचारायच्या आधी उत्तर आलं होतं.

तिथून तिच्या मनात पाल चुकचुकली ती कायमची.

धर्मा दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागला. मूर्तिजापूरला, अरुंद रुळांवरून चालणाऱ्या छोट्या गाडीच्या इंजिनशेडमध्ये, त्याला फिटरची नोकरी लागली होती. सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीने यायचा, पिशवीतून नट आवळायचे पाने काढायचा आणि काही ना काही दुरुस्त करत बसायचा. विहिरीवरच्या रहाटाचं चाक, दाराची कडी, पुढे मळ्यात तेलाचं इंजिन आलं तर त्याचा पंप. मैनेच्या लग्नात त्याने स्वतःच्या हाताने लोखंडी पेटी करून आणली. गावात कुजबुज झाली, पण सुंदराबाईची जीभ अशी होती की कुजबुज तिच्या दारापर्यंत आली नाही. तिचा संशय वेगळाच होता. माणूस नुसत्या मैत्रीपायी एवढं करत नाही. याच्या हातून काहीतरी घडलं आहे, आणि ते भरून काढायला हा माझ्या कड्या-कोयंडे बसवतो आहे.

छप्पन साली नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला. नाव धर्मपाल लावू लागला. आल्यावर अंगणात उभा राहून शांतपणे म्हणाला, "वैनी, वरून घातलेलं पानी आता मी पेनार नाई." सासू काही बोलायच्या आत सुंदराबाईने भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला. पाण्याच्या बाबतीत त्याचं खरं होतं, हे तिला पटलं. बाकी बाबतीत तो खोटं बोलतो आहे, हेही तिला तितकंच पटलेलं होतं.

त्रेसष्ट साली एकदा पंपाचा वॉल्व घेऊन ती मूर्तिजापूरला त्याच्या घरी गेली. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन ती तिथे जायचीच, पण त्याच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्या बायकोने, पंचफुलाने, तिला आत बसवलं. खोलीत एक उग्र वास भरला होता, दारूच्या भट्टीजवळ येतो तसा डोक्यात जाणारा.

"गोंदाचा वास हाय तो," पंचफुला म्हणाली. "इलायतेहून येते डब्बीत. सायबाले यायनंच चिठ्ठी लेहली होती."

धर्मपाल खिडकीशी पाटावर वाकून बसला होता. पुढ्यात प्लास्टिकची चौकट, आणि तिला फांदीला कळ्या लागाव्या तसे तुकडे चिकटलेले. तुरीच्या दाण्याएवढी चाकं ब्लेडने कापून तो एकेक घासत होता. पट्ट्याची दोन टोकं त्याने तापलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने दाबून जोडली. वाटीत इंजिनाचा काळा रंग आणि पिवळा रंग कालवून फौजेचा हिरवा तयार केला होता, आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश त्यात बुडवून ठेवला होता. वर फळीवर चार रणगाडे होते. तळहातावर मावतील एवढे, हुबेहूब. त्यांच्या अंगावर चिखल उडाल्यासारखे डागसुद्धा रंगवलेले. पाटावरचा पाचवा होता.

"हे काय करून राहिले भाऊ?"

"शौक हाये वैनी." तो दचकून उठला. "डॉसन म्हनून आमचे कप्तानसायब होते. ते डब्बे धाडतात."

सुंदराबाईने फळीकडे निरखून पाहिलं. "पाचही सारखेच काहून? शौकवाला मानूस पाच तऱ्हेचे करन."

धर्मपाल वाटीतला रंग ढवळू लागला. तिने एक रणगाडा उचलला. पुढच्या अंगाला, डाव्या हाताला एक इवलंसं झाकण होतं. तेवढंच एक झाकण ब्लेडने कोरून सुटं केलेलं आणि तांब्याच्या केसाएवढ्या तारेची बिजागरी लावून बसवलेलं. बाकी सगळं बंद. फळीवरच्या तिघांवरही तशीच तांब्याची बिजागरी चमकत होती. तिने नख लावलं तर ते अलगद वर उघडलं.

"इथी कोन बसते?"

"चालवनारा," असं म्हणून त्याने रणगाडा तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

परतीच्या गाडीत ती त्या झाकणाचाच विचार करत होती. किसन बसायचा त्या जागेचं झाकण. चारही गाड्यांवर तेच उघडतं, पाचव्यावरही तेच कोरलं जाणार. तिने ठरवलं, एक दिवस याला कोपऱ्यात धरायचं. पण दोन वर्षं ती संधी आली नाही. तो मळ्यात येई तेव्हा मैना, जावई, मजूर, कोणी ना कोणी असेच.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली. मूर्तिजापूरच्या स्टेशनावरून फौजेच्या गाड्या जाऊ लागल्या, घरांच्या काचांना कागद चिकटले, आणि जो तो शेजाऱ्याकडे डोळे बारीक करून बघू लागला. कोणाच्या घरात ट्रान्झिस्टर आहे, कोणाकडे पाहुणा उतरला आहे, याच्या चौकशा सुरू झाल्या. अशात विलायतेहून पाकीट येणारा, घरात रणगाडे करणारा आणि रेल्वेच्या शेडमध्ये कामाला असणारा माणूस लोकांच्या नजरेतून सुटणार कसा?

बाजारात ती वांग्यांचा ढीग लावत होती, तेवढ्यात जमादार पंजाबराव समोर येऊन उभा राहिला. हातात फोडलेलं पाकीट.

"बाई, धर्मपाल फिटर तुमच्याकडे येते म्हन्तात. कसा मानूस हाये?"

सुंदराबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून?"

"त्याच्या घरी रनगाडे हायेत. आता इलायतेहून रनगाड्याचा फोटो आला. पोस्टातून आमच्याकडे धाडला. तुमाले काई शंका येते काय त्याची?"

शंका! एकोणीस वर्षांची शंका तिच्या ओठांवर आली. एक शब्द बोलली असती तर जमादाराने तिथूनच चार शिपाई नेले असते. पण तिला वाटलं, या माणसाला प्रश्न विचारायचा पहिला हक्क माझा आहे. पोलिसाचे प्रश्न कालचे, माझे जुने. तिने शेजारणीला वांगी बघायला सांगितली आणि पदर खोचला.

"चाला. मी बी येतो."

धर्मपाल घरीच होता. पंजाबरावाने फळीवरचे पाचही रणगाडे पाटावर उतरवून ओळीने मांडले आणि पाकिटातला फोटो त्याच्यासमोर धरला. तो बघताच धर्मपाल भिंतीला टेकून खाली बसला.

"कोनता रनगाडा हा? बोल."

"किसनचा," तो म्हणाला. जमादाराकडे न बघता, सुंदराबाईकडे बघून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघून.

पंजाबरावाला काही कळेना. "कोन किसन?"

"माहा मालक," सुंदराबाई म्हणाली. "त्याले बोलू द्या."

मग धर्मपालने सांगितलं. त्या दिवशी सकाळी किसनच्या रणगाड्याच्या झाकणाच्या बिजागरीची खीळ झिजलेली होती. नवी खीळ नव्हती. दुसऱ्या मोडक्या गाडीची खीळ काढून, घासून त्याने ठोकून बसवली. झाकण दोनदा उघडून पाहिलं. थोडं जड होतं, पण उघडत होतं. मागून हुकूम आला, गाडी सोडा. तो किसनला म्हणाला, जाय आता. दोन तासांनी गोळा लागला. वरचे तिघं उड्या टाकून बाहेर पडले. किसनचं झाकण उघडलं नाही.

"लगेच झालं म्हने तू," सुंदराबाईचा आवाज चढला. "समजलंच नाई म्हने!"

"खोटं बोललो वैनी."

"मंग खरं सांग."

पंचफुला दाराशी आली होती, तिने तोंडाला पदर लावला. "मी नोयतो तथी," धर्मपाल म्हणाला. "वाचलेल्यायनं सांगतलं. तो... आतून ठोकत होता."

पंजाबरावाने टोपी काढून काखेत धरली.

"सायबाले मीच लेहलं होतं," धर्मपाल म्हणाला. "ते गाडी नंतर कशी सापडली, झाकनाची खीळ कोनी पाह्यली काय, म्हनून."

जमादाराजवळ पत्राचं मराठी होतं, हेडमास्तरांनी करून दिलेलं. साहेबाने लिहिलं होतं की, खिळीबद्दल मला काही ठाऊक नाही. गाडी ओढून आणण्याआधी जागेवरच काढलेला एवढा एक फोटो माझ्याकडे होता, तो पाठवतो. तू हे विचारायला नको होतंस.

"आना इकडे थो फोटो," सुंदराबाई म्हणाली.

तिने तो खिडकीशी नेला. काळी पडलेली गाडी, पट्टा तुटलेला, झाकण बंद. एवढ्यावर दुसरं कोणी रडलं असतं. ती मात्र बियाणं निवडावं तशी फोटो निरखू लागली. मग पाटावरचा एक रणगाडा उचलून फोटोच्या शेजारी धरला. पुन्हा फोटो, पुन्हा रणगाडा.

"तुह्या गाडीची तोफ सरळ हाये," ती म्हणाली. "याच्यात वाकडी दिसते."

"तोफ फिरते वैनी. वरचा घुमटच फिरते. डब्ब्यातल्या कागदात सरळ दाखवतात, म्हनून मी सरळ ठेवतो. वर्कशॉपात बी तशीच ठेवून काम करत."

तिने बोटाने घुमट फिरवला, थोडासाच, फोटोतल्याएवढा. तोफेची नळी बरोबर त्या झाकणावर आली. तिने झाकणाला नख लावलं. ते गव्हाच्या दाण्याएवढं वर उचललं आणि नळीला टेकून थांबलं. तिने जोर दिला. झाकण हललं नाही.

तिने तो खाली ठेवला आणि दुसरा घेतला. तिसरा. पाचही रणगाड्यांचे घुमट फिरवून तिने पाचही झाकणं उघडून पाहिली. तोफ सरळ असली की उघडायची. तोफ तशी वळली की एकही उघडेना. पंजाबरावानेही स्वतःच्या जाड बोटाने एकदा करून पाहिलं आणि जिभेने च्च असा आवाज केला.

धर्मपाल उठून जवळ आला होता. "तोफ नंतर बी फिरली असन," तो पुटपुटला. "आगीत, नाई तं वरचे उतरताना. कोन सांगन?"

"तेच तं म्हन्तो मी," सुंदराबाई कडाडली. "कोन सांगन? मंग तुह्या खिळीनंच झालं, हे तुले कोनं सांगतलं? कोनी पाह्यलं? तू पाह्यलं?"

"नाई."

"न पाह्यता वीस वर्सं धरून बसला! आन् माह्याशी खोटं बोलला ते बोललाच. त्याची माफी नाई तुले."

एवढं बोलून ती पाटाच्या कडेला बसली आणि मग रडली. पंचफुलाने चहा आणला. सुंदराबाईने त्या घरातला पहिला चहा घेतला, हुंगून, पण पूर्ण घेतला.

पंजाबरावाला वर जबाब द्यायचा होता, म्हणून रणगाडे, पत्र, फोटो, गोंदाची डबी सगळं जप्त झालं. धर्मपालला आठवडाभर रोज चौकीवर बसवलं. अकोल्याहून एक साहेब आला, त्याने जबाब घेतले. सुंदराबाईनेही अंगठा दिला, पण आधी काय लिहिलं ते मास्तरांकडून वाचून घेतलं. दिवाळीनंतर सामान परत मिळालं, तेव्हा रणगाडे चारच निघाले. पाचवा चौकीतच कोणाला तरी आवडला. सुंदराबाई जमादाराला तोंडावर म्हणाली, "चार काहून?" पंजाबराव वरमला, पण पाचवा काही आला नाही.

तिने मैनेला मळ्यात बसवून सगळं सांगितलं, आतून ठोकत होता हेसुद्धा. लेकीपासून काही लपवायचं नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं होतं.

फोटो धर्मपालने तिला देऊ केला. तिने घेतला नाही. म्हणाली, माहा मानूस त्याच्यात दिसतच नाई.

त्या हिवाळ्यात तो मळ्यात आला आणि सवयीने पाने काढू लागला. तिने पिशवी उचलून आत ठेवली. "इंजन जावई पाहीन. तू बस." तो ओसरीवर बसला. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. मग हळूहळू तो किसनचं बोलू लागला. पाने ठेवायच्या पेटीत किसन कांदे लपवायचा. रणगाड्याला शिव्या द्यायचा त्या वऱ्हाडीत, म्हणून गोऱ्यांना वाटायचं हा मंत्र म्हणतो. एकदा एका कालव्यात त्याने गाडी अशी फसवली की तीन दिवस निघाली नाही, आणि तिन्ही दिवस तो टपावर बसून गात होता.

सुंदराबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. "गात होता?" ती म्हणाली. "हे काई मले खरं वाटत नाई. त्याले गाता येतच नोयतं."

"येतच नोयतं वैनी," धर्मपाल म्हणाला. "म्हनून तं तीन दिवस कोनी झोपलं नाई."