पूजेला मांडलेले स्पिरिटचे डबे

मी चौथी पास. माझी सून इस्लामपुरात एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. खंडेनवमीला आम्ही घरी विळे-खुरपी पुजतो, तसे ते तिथं तराजू आणि काचेची भांडी पुजतात. गेल्या खंडेनवमीला ओवाळायला तिनं मला नेलं.

सून फुलं आणायला खाली गेली. तेवढ्यात तिथल्या शिपायानं बाहेरच्या कोठीतून स्पिरिटचे डबे आणून टेबलाखाली मांडले. सगळेच. आदल्या दिवशी सांगलीहून आलेले.

"आवं मावशी, नवा माल हाय. ह्यालाबी कुंकू लावा. वरीसभर गप ऱ्हाईल."

"माणसं ऱ्हात न्हाईत गप, डबं कशाचं ऱ्हात्यात," मी म्हणाले आणि निरांजन पेटवलं. ताट घेऊन वाकणार, तोच सून दारात आली. वास घेतला आणि पांढरीफटक पडली.

"आत्या, वाकू नका. ताट वर धरा आन् सावकाश बाहेर या."

"आगं, कुंकू तरी..."

"बाहेर या म्हणते न्हवं."

ती माझ्याशी कधी असं बोलत नाही. शिपायाचा हात पंख्याच्या बटणाकडं गेला.

"बटणाला हात लावू नका. ठिणगी उडंल."

एका डब्याचं झाकण सैल होतं. स्पिरिटची वाफ दिसत नाही, जमिनीलगत सरकत जाऊन लांबचा दिवाही गाठते, हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की माझ्या हातात विस्तव आहे. ताट वर धरून मी ज्योतीवर डोळा ठेवला. एकेक पाऊल टाकत बाहेर आले.

आमच्यात दिवा तोंडानं फुंकत नाहीत. जिन्याखाली अंगणात पोचल्यावर मी फुंकला. शिपाई माझ्या मागोमाग आला. सून आली नाही. ती आत झाकण आवळत होती.

"दिवसाला लागंल तेवढंच आत ठिवायचं, बाकी कोठीत, आसा नियम हाय," शिपाई पुटपुटला. "पर पूजा म्हणून आणलं."

मी वर बघत होते. वरच्या खिडक्या एकेक उघडत होत्या. मग आवाज थांबला. मी ताट घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीशी गेले.

ती खाली आली तेव्हा मी ताट खाली ठेवायला गेले, तर बोटं सुटेनात. तिनं एकेक सोडवली.

डबे कोठीत गेले. पूजा बिनदिव्याची झाली.

मी परत तिथं गेले नाही. ती रोज जाते. संध्याकाळी तिची गाडी दारात लागेपर्यंत मी गॅस पेटवत नाही.