तिसऱ्या मजल्यावरची झुंबरबाई

झुंबरबाईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारत मात्र पहिल्या स्लॅबवरच थांबली, त्याला आता सात वर्षं झाली. पण एवढ्या तेवढ्यानं अडून राहील तर ती झुंबरबाई कसली! लोणावळ्यात चिक्कीची पाकिटं भरून सुटली, की ती भुशीच्या वाटेला लागते, माहेरच्या वावरात उभ्या असलेल्या खांबांजवळ खडीच्या ढिगावर बसते आणि मान वर करते. जिथं नुसतं धुकं तरंगत असतं, तिथं तिचं स्वयंपाकघर आहे. ओटा खिडकीशी, खिडकीत डोंगर. पडदे तिनं आतापर्यंत तीनदा बदलले. चौथ्या मजल्यावरची बाई पाणी सांडते म्हणून तिच्याशी एकदा कडाक्याचं भांडणही झालं.

हे वावर बापामागं झुंबरबाई आणि थोरला भाऊ महिपती, दोघांच्या नावावर आलं. दोघांनी ते बिल्डरला दिलं. जमीन यांची, बांधकाम त्याचं, बदल्यात दोघांना एकेक फ्लॅट. खांब उभे राहिले, एक स्लॅब टाकून झाला आणि बांधणारी माणसं गायब झाली. ती विचारायला गेली तेव्हा बिल्डरचा मॅनेजर निलेश गोड हसला. "मुदत वाढवून द्यायच्या कागदावर सही झालीय, मावशी. घरातच विचारा की."

आता तिच्या घरात दुसरं सही करणारं होतं कोण? तिनं महिपतीला भर अंगणात नाही नाही ते ऐकवलं. तो खाली मान घालून उभा राहिला. गप्प बसला म्हणजे चोर, असं तिनं ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून सहा भाऊबिजा कोरड्या गेल्या. हवेतल्या त्या घरात तिनं साऱ्या गोतावळ्याची सोय केली, पण महिपतीला बसायला साधा पाटसुद्धा ठेवला नाही.

यंदा तिनं वडगावच्या वकीलबाई गाठल्या, अमृता. वयानं लहान, पण खमकी.

"केस करायची," झुंबरबाई म्हणाली, "बिल्डरवर आन् माज्या भावावर."

"भावाची सही तुम्ही पाहिलीत?"

"पाहायची कशाला? समद्यांला ठावं हाय."

"मग आधी कागद मागवू, मावशी. ते वाचल्याशिवाय मी कुणालाच कोर्टात ओढणार नाही."

झुंबरबाईजवळ होती फक्त इमारतीच्या चित्राची घडी. अमृतानं बिल्डरला नोटीस धाडली: करार, पुरवणी करार, नकाशे, सगळ्यांच्या प्रती द्या. महिना गेला. दुसरी नोटीस गेली: दिल्या नाहीत तर दाव्याआधी मागूनही लपवल्या, हेच कोर्टाला सांगू. मग मात्र जाडजूड पाकीट आलं.

अमृता एकेक पान उलटत होती. पुरवणी करारावर तिचा हात थांबला, आणि तिनं ते पान झुंबरबाईपुढं सरकवलं. नोंदणीच्या वेळी कॅमेऱ्यात काढतात तो फोटो होता. निळी साडी, डोक्यावर पदर, आणि तोंडभर हसू. झुंबरबाईनं स्वतःला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

तिला तो दिवस आठवला. निलेशनं गाडी पाठवून तिला नोंदणी कचेरीत नेलं होतं. "मजला निवडायचा कागद आहे, मावशी." तिनं तिसरा निवडला, आणि तो बोट ठेवेल तिथं सह्या करत गेली. त्या सह्यांनीच तिनं बिल्डरला वाटेल तेवढी मुदत देऊन टाकली होती. महिपतीच्या नावापुढची जागा कोरी होती.

"ही सही फसवून घेतलीय, ते आपण मांडू," अमृता म्हणाली. "पण मावशी, भावावर दावा कशाबद्दल लावायचा?"

झुंबरबाईनं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडगावहून ती थेट महिपतीच्या दारात गेली. तो ओसरीवर वाल निवडत बसला होता. तिला बघून त्यानं सूप बाजूला सारलं.

"दादा, सही म्या केलती."

"ठावं हाय मला. दुसऱ्या दिशी त्यो निलेश त्योच कागद घिऊन माज्याकडं आलता. म्या न्हाई केली."

"मंग मी अंगणात यवढं बोलले, तवा का न्हाई सांगितलंस?"

महिपतीनं सूप पुन्हा जवळ ओढलं. "निलेश यायच्या आदल्या दिशी तू पेढे वाटत आलतीस. तिसरा मजला घावला म्हणून समद्या आळीला सांगत व्हतीस. लगीन झाल्यापून तुला तशी हासताना पाहिली नव्हती. त्या हासन्यातच तू फसलीस, ह्ये कोन्या तोंडानं सांगू तुला?"

झुंबरबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली, लहान पोरीसारखी. महिपतीनं तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं तिनं पिशवीतून दाव्याचा कागद काढला. वकीलबाईनं त्यावर आता बिल्डरवर दावा लावणारे म्हणून दोघांची नावं एकाखाली एक लिहिली होती.

महिपतीनं खिशातलं पेन काढलं. "कुटं करू सही?"

झुंबरबाईनं कागद मागं ओढला.

"आदी वाच," ती म्हणाली. "मोट्यानं वाच, दादा. मलाबी ऐकू दे."