बोटं मोजायची थांबवली तेव्हा

खरं सांगते, त्या दिवसांत माझा देवीवरचा विश्वास पार डळमळला होता, आणि तरी मी तिला चांदीच्या डोळ्यांचा नवस बोलून बसले होते. नऊ वर्षांची माझी लेक एका सकाळी उठली आणि म्हणाली, "आई, मला काहीच दिसत नाही." मला वाटलं, शाळा बुडवायची असेल. मग ती दाराच्या चौकटीवर आपटली.

नाशिकच्या कडेला आमचा झेंडूचा मळा आहे. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, डोळे ठणठणीत निघाले. मी विचारलं, मग सोंग करतेय का ही? त्या म्हणाल्या, नाही, तिला खरंच दिसत नाही. मनावर भार आला की काही मुलांचं असं होतं, आणि बहुतेकांची नजर परत येते. घरात काय घडलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला सांगावंच लागलं. आठवड्यापूर्वी माझा दोन वर्षांचा धाकटा शेततळ्यात पडला होता. कामावरच्या बाईने लगेच ओढून काढला, त्याला काही झालं नाही. पण लक्ष ठेवायला लेकीला बसवलं होतं, आणि भेटायला येईल त्याला मी ते तिच्यादेखत सांगत होते. अगदी चहाबरोबर सांगत होते म्हणा ना!

डॉक्टरीणबाईंनी समुपदेशक ताईंकडे पाठवलं आणि बजावलं की तिला सारखं तपासू नका, जमेल ते छोटं काम विश्वासाने सांगा. पण आमच्याकडे ऐकतंय कोण? जो येई तो तिच्या तोंडापुढे बोटं नाचवी, सांग किती? सगळ्यांत जास्त मीच. ती चुकायची, कानकोंडी व्हायची, आणि मी मोरीत जाऊन रडायचे. काम तर सोडाच, पाण्याचा पेलाही मी तिच्या हाती देत नव्हते. पुन्हा दिसलंच नाही तर, एवढाच विचार दिवसभर डोकं पोखरायचा.

तिसऱ्या आठवड्यात तिला वणीच्या गडावर नेलं. पहिल्या पायरीवर बसवलं, हलू नकोस म्हटलं आणि समोरच्या दुकानात ओटीचं सामान घ्यायला गेले. वळून बघते तर पायरी रिकामी. नारळ तिथंच टाकून मी गर्दीतून वर धावले.

वीसेक पायऱ्या वर ती दिसली. मोतीबिंदू पिकलेली एक म्हातारी तिचा हात धरून चढत होती. "मला नीट दिसत नाय पोरी, हात धर," एवढंच म्हातारी म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. तिला काय ठाऊक हिचं दुखणं! लेक पायाने चाचपत एकेक पायरी सांगत होती. मी मागे पोचले तशी ती थांबली आणि म्हणाली, "आजी, जपून. वर पाणी सांडलंय."

पाणी अजून दोन पायऱ्या वर होतं.

तिच्यापुढे बोटं धरायला माझा हात नुसता शिवशिवत होता. मी मूठ आवळली आणि तोंडात पदर कोंबला. वरपर्यंत पोचल्यावर म्हातारीने लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. कुठली, कोण, मी विचारलंसुद्धा नाही. देवीपुढे चांदीचे डोळे ठेवले, पण मागायचं काही सुचेना. इतके दिवस मी लेकीची परीक्षा घेत होते आणि देवीचीही, हे तिथं उमगलं आणि मला लाज वाटली.

नजर एका दिवसात आली नाही. आधी अंधुक, मग रंग, मग वहीतल्या ओळी. ताईंकडे दोन महिने जात होतो. कोणी विचारलं तर मी देवीचं नाव घेते आणि डॉक्टरीणबाईंचंही. मला त्यात भांडण दिसत नाही.

शेततळ्याला आता जाळीचं कुंपण आहे. परवा तोडणीला निघताना धाकट्याला ओट्यावर बसवलं आणि लेकीला म्हटलं, "याच्याकडे बघ गं." तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग त्याला मांडीवर घेतलं. मी पाटी उचलून मळ्यात गेले. मागे वळून बघायची फार इच्छा झाली. बघितलं नाही.