नानांचे शेवटचे स्थळ

स्थळाचे माहितीपत्रक हाती आले की नाना त्याची घडी घालीत आणि त्यानेच वारा घेऊ लागत. नाना म्हणजे माझे सासरे. पुण्यात नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर लोकांची लग्ने जुळवली. पण उंची, पगार, गोत्र हे रकाने त्यांनी कधी मनापासून वाचले असतील, असे मला वाटत नाही. "कागदावर सगळेच गुणी," असे ते म्हणत. पाहायला जाताना ठरल्या वेळेच्या आधीच पोहोचत. सतरंजी झटकली जाण्यापूर्वीचे घर त्यांना पाहायचे असे.

ते जर्मनीत गेर्लिंगेनला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा घरात एकच काळजी होती. पाच वर्षांच्या इराच्या, माझ्या मुलीच्या, अंगावर किंडरगार्टनच्या वाटेवरील कोपऱ्यात एक मोठा कुत्रा खेळाच्या भरात धावून आला होता. तिला लागले नव्हते. पण तेव्हापासून तिने त्या कोपऱ्याकडे पाऊल टाकले नाही. या देशात कुत्रा बसमध्ये असतो, बेकरीच्या दारात असतो. त्यामुळे हळूहळू तिचे बाहेर जाणेच थांबले. कोणी वाढदिवसाला बोलावले, तरी ती माझ्या ओढणीत तोंड लपवून "नाइन", म्हणजे नाही, म्हणे. भीती मोडण्यासाठी घरीच कुत्रा आणावा, असे माझ्या नवऱ्याने, निखिलने, ठरवले.

"उत्तम वंशाचं पिल्लू घेऊ. आपण घडवू तसं घडेल," तो म्हणाला.

"पाळण्यातल्या पोराचं लग्न ठरवतोस होय रे?" नाना म्हणाले. "वयात आलेला बघ, स्वभाव दिसतो. आणि वंश घेऊन काय करायचंय? वरात काढणार आहेस त्याची?"

मला नानांचे पटले होते. पण चारचौघांत मत मांडायला मी बिचकते. जर्मनमध्ये तर अधिकच.

शेवटी नानांचे ऐकून शनिवारी आम्ही टीअरहाइममध्ये, म्हणजे निराधार प्राण्यांच्या आश्रयगृहात गेलो. नानांमुळे अर्थातच अर्धा तास आधी. तेथील बाईंनी प्रत्येक कुत्र्याचा माहितीचा कागद दिला; नानांनी त्याने वारा घेतला. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, इराला अंगणातल्या बाकावर बसवतो. कुत्र्यांकडे पाठ, हातात बिस्कीट. तिनं कोणाकडे जायचं नाही. त्यांनी एकेकाला दोरी धरून आणावं. लांबूनच." मी अडखळत भाषांतर केले. बाई एकदम खुलल्या. "गेनाऊ!" त्या म्हणाल्या. त्यांचीही हीच पद्धत होती. 'अगदी बरोबर' या अर्थाचा तो शब्द नानांना इतका आवडला, की पुढे आमटीत मीठ नेमके पडले, तरी ते "गेनाऊ" म्हणत.

पहिला आला तो सोनेरी, देखणा, निखिलने फोटोवरून आधीच पसंत केलेला. त्याने निखिलचे हात चाटले, शेपटीने सारे अंगण झाडले आणि बिस्किटाचा वास येताच अशी झेप घेतली, की बाईंनी दोरी आवळली नसती तर तो बाकावरच चढला असता. इरा माझ्या मानेला बिलगली. "कुत्रा वाईट नाही," नाना म्हणाले, "पण घाईचा आहे. आपल्याकडे घाई चालायची नाही."

दुसऱ्याला पाहून निखिल हसलाच. तोंड जर्मन शेफर्डचे, पाय त्या तोंडाला न शोभण्याइतके आखूड, एक कान उभा, दुसरा पडलेला. आई शेफर्ड, वडिलांचा पत्ता नाही, असे बाईंनी सांगितले.

"आई कशी होती, ते विचार," नाना म्हणाले.

"शांत होती, म्हणतात."

"मग झालं तर."

तो चालत आला आणि बाकापासून बऱ्याच अंतरावर आपणहून थांबला. इराच्या हातून बिस्कीट पडले. त्याने बिस्किटाकडे पाहिले, इराकडे पाहिले, आणि चक्क मान दुसरीकडे फिरवून खाली बसला. मग इरानेच हळूच मागे वळून पाहिले.

"लाजतोय," नाना समाधानाने म्हणाले. "थोरामोठ्यांशी सगळेच गोड वागतात. धाकट्याला जागा कोण देतो, ते बघायचं. सूनबाई, मी तुमच्या घरी आलो होतो ना, तेव्हा तूही अशीच मान फिरवून उभी होतीस. शेजारचं पोर पदर ओढत होतं, तरी तू पोह्यांची बशी आधी त्याच्यापुढे धरलीस. मी निखिलला तिथंच खूण केली."

"पण नाना, हा दिसतो कसा..." निखिल म्हणाला.

"ते तू नको सांगूस. हिला सांगू दे. नांदवायचं हिला आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बाईंकडे वळले आणि जर्मनमध्ये म्हणाले, "आम्हाला हाच हवा." आवाज इतका स्वच्छ निघाला, की माझा मलाच ओळखू आला नाही.

कुत्रा देण्याआधी आमचे घर तपासायला बाई येणार होत्या, त्या दिवशी नानांनी इस्त्रीचा सदरा घातला. "आज आपण मुलीकडचे," म्हणत स्वतः पोहे केले. बाईंनी दोनदा घेतले. होकार मिळाला, आणि नानांनी नव्या पाहुण्याचे नाव ठेवले, जावई.

जावई कधी इराच्या पुढे गेला नाही. ती थांबली की थांबे, आणि मान फिरवून झाडांकडे पाहत राही. पानगळीतल्या एका सकाळी ती दोघे त्या कोपऱ्यावर आली, बरोबर मी आणि नाना. फाटकाआड तो मोठा कुत्रा भुंकला. इरा थबकली. दोरी माझ्याही हातात होती. मी ती ओढली नाही. जावई तिच्या आणि फाटकाच्या मधे शांत बसून राहिला. मग इराने एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि कोपरा मागे टाकून ती ओरडली, "आजोबा, एअर वार्टेट आउफ मिश!" तो माझ्यासाठी थांबतो!

"गेनाऊ!" मागून नाना गरजले. रस्त्यावरच्या दोन आजीबाई दचकल्या. नानांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला परतले. पुन्हा यायचे राहून गेले. दोन वर्षांनी ते गेले. आता आसपासच्या मराठी घरांतून कोणाला कुत्रा घ्यायचा असला, की मला बोलावतात. परवा एक जुळ्यांचे बाबा आश्रयगृहाच्या दारातच विचारू लागले, "वहिनी, जात कोणती बघायची?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्या हातातला कागद घेतला, त्याची घडी घातली आणि वारा घेत म्हणाले, "आधी धाकट्यांना बाकावर बसवा."