लोखंड गाळणाऱ्यांचं घर

नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात बर्फाच्या युगातली माणसं गुहेत बसलेली आहेत. पुढच्या पानांवर दगडाची हत्यारं, मग तांबं, मग लोखंड, आणि लगेच धूर सोडणारे कारखाने. लोखंडाच्या पानावर एक माणूस मातीच्या भट्टीपुढे उभा आहे. बाई कुठेच नाही. नातीने विचारलं, "आजी, हे किती हजार वर्षांपूर्वीचं?"

मी म्हटलं, "माझ्या लग्नानंतरचं."

तिला ती थट्टा वाटली.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं होती. मला बाप नव्हता. चांद्याला मामाकडे राहून चौथीपर्यंत शिकले, आणि मग मामाला मला उजवायची घाई झाली. वैनगंगेपलीकडच्या जंगलात, आज ज्याला गडचिरोली जिल्हा म्हणतात तिथे, लोखंड गाळणाऱ्यांची थोडी घरं उरली होती. त्यातल्या एका घरात मला दिलं. सासरा, सासू, नवरा, एवढीच माणसं. घरामागे मोहाच्या झाडाखाली छातीएवढी उंच मातीची भट्टी होती. डोंगरातून लाल-काळा दगड आणायचा, फोडायचा, जंगलातलं लाकूड जाळून कोळसा करायचा, दोन्ही थराथराने भट्टीत भरायचं आणि सकाळपासून दुपार कलेपर्यंत वारा घालायचा. शेवटी भट्टीच्या तोंडातून लालभडक गोळा ओढून काढायचा. तो ठोकून त्याचे फाळ, कुऱ्हाडी, विळे व्हायचे.

वारा घालायचं काम बायकांचं. जमिनीवर कातड्याचे दोन भाते असायचे. आडव्या बांबूला धरून त्यांच्यावर उभं राहायचं आणि एक पाय दाबला की दुसरा उचलायचा. सासूचे गुडघे त्यात गेले होते, म्हणून मी आल्यावर भाते माझ्याकडे आले. पहिल्या महिन्यात माझ्या तळव्यांची सालं निघाली. सासू मोहाचं तेल लावायची आणि म्हणायची, "माये बी निघाले होते. मंग नाई निघत."

सासरा वाईट माणूस नव्हता; मी त्याला मामाजी म्हणायचे. मला कधी शिवी दिली नाही. पण भट्टी पेटली की त्याला माणूस दिसत नसे.

त्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेत तो फाळ आणि विळे घेऊन गेला आणि जवळजवळ सगळे परत घेऊन आला. वडशाला रेल्वेचे मोडके रूळ भंगारात मिळू लागले होते. लोहार तेच घ्यायचे. जत्रेत एका लोहाराने त्याचा फाळ हातात घेऊन चार लोकांसमोर दगडावर आपटला आणि म्हणाला, "भाऊ, हे तुया आज्याच्या जमान्यातलं. आता घरी बसून राम राम कर." लोक हसले. सासरा घरी आला, जेवला नाही. एवढंच म्हणाला, "उद्या भट्टी लावाची."

मला पाचवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भात्यावर माझ्या कमरेत कळ आली. मी थांबले.

"काऊन थांबली वो?" सासरा ओरडला.

"मामाजी, पोट दुखून राह्यलं."

"थोडंच राह्यलं आता. वारा तुटला तर लोखंड आतच गोठन. पाय चालू ठेव."

मी सासूकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. नवरा कोळशाची टोपली घेऊन आला होता. तो म्हणाला, "मी उभा राहतो भात्यावर."

"बाप्या भात्यावर चढला तर भट्टी बाटते," सासरा म्हणाला. "दूर हो."

नवरा दूर झाला आणि मी पाय चालू ठेवले. गोळा निघाला तेव्हा सासऱ्याने त्याला हात जोडले. माझ्या लुगड्यातून रक्त पायांवर आलं होतं, भात्याच्या कातड्यावर आलं होतं. सासूने मला घरात नेलं. मुलगा होता. नवऱ्याने त्याला नदीकडे नेऊन पुरलं. संध्याकाळी सासरा घण घेऊन ठोकत बसला होता. गोळा चांगला निघाला होता.

मी उठून बसू लागले तेव्हा नवरा एकदा तालुक्याला जाऊन आला. कशाला गेला होता ते सांगितलं नाही.

पुढची भट्टी लागली त्या दिवशी सासू दुखऱ्या गुडघ्यांनी भात्यावर उभी होती. दुपारी जंगलखात्याचा नाकेदार दोन माणसं घेऊन आला. झाडं तोडून कोळसा करायला बंदी होतीच, पण इतकी वर्षं कोंबडं, दारू घेऊन तो डोळे मिटत असे. त्या दिवशी नाही मिटले.

"जंगल तुया बापाचं हाय काय बे?" त्याने विचारलं. "फोड ते भट्टी."

"साहेब, गोळा निघाचा हाय. तेवढा निघू द्या."

"आत्ताच फोड."

सासरा खाली बसला. नाकेदाराने त्याच्या पाठीत काठी घातली, आणखी एक घातली. तो उठला नाही. सासू नाकेदाराच्या पाया पडली. मग नाकेदार माझ्या नवऱ्याकडे वळला. "तू फोड."

नवऱ्याने घण उचलला. मला वाटलं, हा आता नाकेदाराला मारतो. पण त्याने भट्टीवर घातला. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. विस्तव बाहेर सांडला, अर्धा झालेला गोळा त्यात लाल दिसत होता. सासरा धावला आणि उघड्या हातांनी विस्तव सावडू लागला. त्याचे हात जळल्याचा वास आला. मी त्याला ओढलं नाही. सासूने ओढलं.

नाकेदाराने विस्तवावर घागरी ओतायला लावल्या. जाताना वळून हसला. "बुढ्ढ्या, आमच्यावर काऊन चिडून राह्यला? तुया पोरानंच तं बलावलं आमाले."

सासऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा खाली पाहत होता.

पाऊस संपल्यावर आम्ही चांद्याजवळच्या दगडी कोळशाच्या खाणीवर गेलो. नवऱ्याला खाली कोळशाचे डबे ढकलायचं काम मिळालं. सासऱ्याची बोटं वळत नव्हती. तो वर कोळसा निवडायला बसायचा. सासू पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेली. सासरा मुलाशी बोलत नसे. खोली एकच, पण जे सांगायचं ते मला सांगे. "त्याले म्हण, माया हिस्स्याचं पाणी नोको भरू." किंवा मुलगा झोपलेला असताना, त्याला ऐकू जाईल असं, "चोर झोपला काय?" नवरा सगळं ऐकून घ्यायचा.

तिसऱ्या वर्षी एका पाळीत नवऱ्याचा उजवा हात दोन डब्यांच्या मध्ये आला. दवाखान्यात मनगटापासून काढला. फडकं गुंडाळलेला हात घेऊन तो खोलीत शिरला, तेव्हा सासरा दाराशी बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो थेट मुलाशी बोलला.

"हात गेला काय? भट्टी फोडाले तं लय चांगला चालला होता."

माझ्या हातातलं भाताचं भांडं मी खाली ठेवलं. म्हटलं, "मामाजी, त्यायनं भट्टी फोडली ते मायापायी. माया लेकरापायी. तुम्ही मले उतरू दिलं नाई, म्हणून गेले ते नाकेदाराकडं."

"चूप राह्य," नवरा मला म्हणाला.

सासऱ्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "लेकरू दुसरं होते. भट्टी नाई होत."

त्याने आपली थाळी उचलली आणि बाहेर जाऊन बसला. त्यानंतर तो आत जेवायला आला नाही. थंडीत, पावसात छपराच्या कडेला बसून जेवायचा. मी त्याला आत बोलावलं नाही. टोमणे बंद झाले, "चोर" म्हणणं बंद झालं. मुलाशी नाही, माझ्याशी नाही, कोणाशीच तो बोलला नाही. उन्हाळ्यात खोकल्याने अंथरुणाला खिळला. नवरा डाव्या हाताने त्याला पाणी पाजायला गेला की तो ओठ मिटून घ्यायचा, आणि पाणी मानेवरून गोधडीत जायचं. असाच गेला.

मसणातून परत आल्यावर नवरा अंगणात उभा राहिला. मी पाय धुवायला पाणी दिलं. त्याने घेतलं नाही.

"तू त्यायले काऊन सांगतलं?" तो म्हणाला. "मी नाई सांगतलं इतके वर्स. चोर म्हणत होते ना, म्हणू द्याचं होतं. बोलत तं होते."

मी म्हटलं, "माया लेकराचं मी बोलू नाई काय?"

तो बादली घेऊन स्वतःच नळावर गेला.