छतातली बाई

प्रताप नगरचा आमचा फ्लॅट आधीच्या मालकाने हौसेने सजवला होता. भिंती कमी पडल्या म्हणून की काय, त्याने बेडरूमच्या छतालाही खरखरीत टेक्श्चर करून घेतलं होतं. नुसते गोळे आणि ओरखडे. मला ते पहिल्यापासून डोक्यात जायचं, पण छताकडे कोण बघतं म्हणून राहू दिलं.

आई बघायला लागली. खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिला पंख्याच्या बाजूला एक बाई दिसायला लागली. मान वाकडी करून खाली बघणारी. आई तिच्यावरची नजर काढेना, झोपेना. मी आधी समजावलं, मग चिडले. प्लास्टरमध्ये माणसं राहत नाहीत, असं तिला फाडकन बोलले. तरी तिने डोळे मिटले नाहीत. दिवसागणिक खंगत चालली होती.

शेवटी सदर बाजारातल्या एका दुकानातून कारागीर बोलावला. तो म्हणाला, खरवडलं तर घरभर धूळ होईल, पेशंटला बाधेल. त्यापेक्षा छताखाली सांगाडा ठोकून जिप्समचे बोर्ड लावू. मला पटलं. आईचा पलंग हॉलमध्ये सरकवला आणि दोन दिवसांत त्याने छत झाकत आणलं.

पंख्याजवळचा शेवटचा बोर्ड लावण्याआधी त्याने मला हाक मारली. त्याची पद्धतच होती, बंद करण्याआधी घरच्या माणसाला आत बघायला लावायचं. पक्कड, मोबाइल, काय काय राहून जातं म्हणे. मी शिडीवर चढून टॉर्च मारला. भर दुपार होती. वीतभर अंतरावरून ती माझ्याकडेच बघत होती. वाकडी मान, खोल डोळे, अगदी आई सांगायची तशी. मी टॉर्च बंद केला.

"काही राहिलं काय, ताई?" त्याने खालून विचारलं.

"नाही. लावा," मी म्हणाले.

संध्याकाळी आईला आत आणलं. वर पांढरंशुभ्र, गुळगुळीत छत. झालं ना आता मनासारखं, असं मी विचारलं, तरी ती बराच वेळ वर बघत राहिली.

"दिसत होती तं कोठं आहे हे तरी मले माहीत होतं," ती म्हणाली. "आता कोठून पाहून राहिली वं?"

मीही ती पाहिली, एवढं सांगितलं असतं तर आई त्या भीतीत एकटी राहिली नसती. पण मला लाज वाटली. वर काहीच नाही, असं मी पुन्हा सांगितलं आणि तिचं पांघरूण नीट करत बसले. वर मात्र एकदाही बघितलं नाही. आईच्या ते लक्षात आलं. तिने माझा हात घट्ट धरला.