पॅटर्नवरची सही

लातूरच्या त्या हॉस्टेलवर माझ्या फोनच्या पाठीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर माझं नाव, रोल नंबर आणि त्याखाली नऊ ठिपके. ठिपक्यांवरून निळ्या पेनाने ओढलेली रेघ, म्हणजे माझा फोन उघडायचा पॅटर्न. कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच कुलपाला टांगून ठेवायची, असला तो शहाणपणा. इतकी वर्षं झाली, पण ती पट्टी आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

हे सगळं एका शब्दाने केलं. आमच्याकडे, नायगाव तालुक्यातल्या खेड्यात, पॅटर्न म्हणजे एकच, लातूर पॅटर्न. जो केला की पोरं डॉक्टर होतात तो. दहावीचा निकाल लागला आणि वडील मला एसटीत बसवून लातूरला घेऊन आले. क्लासच्या ऑफिसातल्या माणसाने फॉर्म भरता भरता विचारलं, पॅटर्न द्यायला काही हरकत नाही ना? वडील खुशीत हसले. त्याच्यासाठीच तर आणलंय पोरीला, म्हणाले, आणि सही ठोकली. मी शेजारच्या खुर्चीवरच होते. मलाही काही खटकलं नाही, मीही त्याच गावची. संध्याकाळी रेक्टर मॅडम पट्ट्यांचा गठ्ठा आणि पेन घेऊन खोलीत आल्या, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

फोन आठवडाभर मॅडमच्या लोखंडी कपाटात राहायचा आणि रविवारी दुपारी दोन तास हातात मिळायचा. याबद्दल माझी तक्रार नव्हती. अभ्यासाला आलो होतो, ठेवा म्हटलं कपाटात. पण ठेवायचा म्हणजे ठेवायचा ना? मॅडम तो उघडायच्या. फोटो बघायच्या, मेसेज वाचायच्या, आणि त्याला 'चेकिंग' म्हणायच्या. गावाकडच्या मैत्रिणीने मला काय लिहिलं ते मला कळायच्या आधी जेवणाच्या रांगेत सगळ्यांना कळायचं. पोरी हसायच्या. दुसरीचा मेसेज असला की मीही हसायचे, हे सांगताना आता माझीच मला लाज वाटते.

आईने मात्र मला बजावून पाठवलं होतं. नवा फोन माझ्या हातात देताना ती म्हणाली होती, "ही तुझी पेटी हाय. किल्ली कुणाला द्यायची न्हाई."

तिची पेटी मी पाहिलेली होती. आईचं माहेर औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. घर गेलं, धाकटा भाऊ गेला. मग कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. शेडला दाराच्या जागी गोणपाट. कुणीही यायचं, गोणपाट वर करायचं, आत डोकावायचं, माणसं मोजायचं, फोटो काढायचं. मदतच घेऊन आलेली माणसं होती ती, आई त्यांना कधी वाईट म्हणाली नाही. पण आत येऊ का, असं कुणी विचारलं नाही, हे मात्र ती विसरली नाही. त्या शेडमध्ये तिच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. आत काय, तर भावाचा एक सदरा. "पण उघडायची का न्हाई ते मी ठरवायचे," असं ती सांगायची.

आई चौथी शिकलेली. लिहायचा तिला कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवायची. आठवडाभराचे तिचे मेसेज साठायचे. रविवारी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून फोन कानाला लावायचे. म्हैस व्याली, हरभरा बरा आलाय, आत्याशी भांडण झालं, तू डोक्याला तेल लावतीस का न्हाई. घरात ती मोजकं बोलायची, मेसेजमध्ये मात्र मोकळी सुटायची. समोर माणूस नसलं की बोलणं सोपं जातं, असं ती म्हणायची. माझी आई मला खरी कळली ती त्या टाकीमागे.

आम्ही नवं स्लॅबचं घर बांधलं होतं आणि आई त्या स्लॅबखाली झोपत नव्हती. बारा महिने अंगणात बाज. घरचे तिची थट्टा करायचे आणि ती हसण्यावारी न्यायची. एका रविवारी तिचा मेसेज ऐकला. आवाज बारीक केलेला. भर दुपारी उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला, फळीवरची भांडी वाजली, आणि ती हातातलं पीठ टाकून अंगणात पळाली. "अन् तिथंच माझं लुगडं भिजलं गं. एवढी मोठी बाई मी. कुणाला सांगू? तुझ्या बापालाबी सांगू नको." मी तीनदा ऐकलं. मी आहे ना, एवढंच लिहून पाठवलं.

पुढच्या महिन्यात पालक सभा होती. आई पहिल्यांदाच लातूरला आली, धपाट्यांचा डबा घेऊन. हॉलमध्ये सतरंजीवर बायका पुढे, पुरुष मागे, आम्ही पोरी भिंतीकडेला. मॅडम माइकवर आल्या. पोरींचं लक्ष का लागत नाही, तर घरचेच लागू देत नाहीत, म्हणाल्या. कुणाचं नाव घेत नाही हं, असं हसून म्हणाल्या, आणि एक फोन माइकला लावला.

पांढऱ्या पट्टीवरची निळी रेघ मला लांबून दिसली.

आईचा आवाज हॉलभर झाला. ट्रॅक्टर, भांडी, पीठ, लुगडं, सगळं. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग चार-पाच जण. तुझ्या बापालाबी सांगू नको, हेही वाजलं, आणि बाप मागे बसलेला. आई सतरंजीवर होती तशीच बसून राहिली. पदर तेवढा कपाळावर ओढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ पुढे गेले आणि मॅडमच्या हातातून फोन ओढून घेतला. त्या मला उद्धट कार्टी म्हणाल्या. घरच्यांनी सही दिलेली आहे, फॉर्म आहे आमच्याकडे, असं वर माइकवरूनच सांगितलं.

तेव्हा वडील उठले. ऑफिसात गेलं की आवाज खाली करणारा माझा बाप, पण त्या दिवशी त्याला माइक लागला नाही.

"मॅडम, म्या सही केली ती लातूर पॅटर्नवर. पोरीच्या फोनवर न्हाई. अन् माझ्या बायकोच्या बोलण्यावर तर मुळीच न्हाई."

मॅडमनी माफी मागितली नाही. मुलींच्या भल्यासाठीच, एवढं म्हणाल्या आणि पुढचा विषय घेतला. कसलं भलं? माझ्या आईची अब्रू चव्हाट्यावर मांडून माझं कोणतं भलं झालं, ते मला आजही कुणी समजावून सांगावं. त्याच संध्याकाळी आम्ही माझी गादी आणि बादली घेऊन बाहेर पडलो. वडिलांनी ती पट्टी नखाने खरडून काढली. डिंकाचा डाग मात्र राहिला.

मी डॉक्टर झाले नाही. नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि त्याचं मला काही दुःख नाही. माझ्या फोनचा पॅटर्न नवऱ्यालाही माहीत नाही, आणि तोही विचारत नाही. पण आईने त्या सभेनंतर मला एकही मेसेज बोलून पाठवला नाही. फोन लावला की आधी विचारते, सपीकर चालू न्हाई ना? मी नाही म्हणते. मग विचारते, जेवलीस का. तेवढंच. तिचं चुकलं नाही, माझंही नाही, तरी आमच्या दोघींमध्ये एक गोणपाट कायमचा वर करून ठेवलाय कुणीतरी.

मध्यंतरी एका सकाळी आमच्या भागात जमीन हलली. लॅबमधल्या बाटल्या किणकिणल्या, आम्ही सगळे रस्त्यावर आलो. मी पहिला फोन आईला लावला. भ्यालीस का गं, विचारलं. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, धावून आल्यासारखा. सपीकर चालू न्हाई, मी एकटीच आहे, शप्पथ, असं मी आपणहून सांगितलं.

"न्हाई गं," आई म्हणाली. "मला तर कळलंबी न्हाई. जेवलीस का?"